खरं, खोटं आणि ‘मला वाटतं’ (लेखांक सहावा)

गेल्या आठवड्यात बातमी कशी वाचायची ते पाहिलं. आज त्याआधीची पायरी. ती शिकवायची हमखास राहून जाते.

पाचवीच्या वर्गात मी काही चिठ्ठ्या वाटल्या. ‘रायगड हा सर्वांत देखणा किल्ला आहे.’ ‘युनेस्कोने २०२५ साली रायगडासह बारा किल्ले जागतिक वारसा यादीत घेतले.’ ‘हे बाराही किल्ले महाराष्ट्रात आहेत.’ मुलांनी दोन ढीग करायचे होते, तथ्यांचा आणि मतांचा. तिसऱ्या चिठ्ठीपाशी एक मुलगी अडली. बारांपैकी जिंजी तमिळनाडूत आहे, हे तिला ठाऊक होतं. “बाई, हे खरं नाही. मग हे मत ना?”

उरलेला तास मी या एका प्रश्नाला दिला. खरं ते तथ्य आणि उरलेलं सगळं मत, अशी वाटणी मुलांच्या डोक्यात पक्की असते, मोठ्यांच्याही असते. म्हणून तर चूक दाखवली की आपण “ज्याचं त्याचं मत” म्हणून मोकळे होतो. पण किल्ला कुठल्या राज्यात आहे हे कुणाच्या मतावर ठरत नाही. ते तपासता येतं, आणि तपासल्यावर चुकीचं ठरलं तर ती चूकच. मुलांना पहिला प्रश्न ‘खरं का?’ असा न विचारता ‘तपासता येईल का?’ असा विचारावा. रायगडाचं देखणेपण कुठल्याच पुस्तकात तपासून मिळणार नाही. तिथे ‘का वाटतं?’ एवढं विचारावं. “चहूकडे समुद्र आहे म्हणून मला सिंधुदुर्ग आवडतो,” असं एकाने सांगितलं. असं कारण देता येणं मला फार मोलाचं वाटतं.

तपासायचं कुठे, हा पुढचा पेच. एका मुलाने मराठी विश्वकोशातली रायगडाची नोंद वाचली. तिच्यात वारसा यादीचा उल्लेख नव्हता. मग ती चिठ्ठी खोटी? विश्वकोश भरवशाचाच आहे, पण त्याचे खंड १९७६पासून निघत गेले आणि ती नोंद २०२५च्या आधीची. गडाच्या इतिहासासाठी तो जरूर उघडावा. यादीसाठी मात्र ती करणाऱ्या युनेस्कोकडेच जावं. कोण सांगतंय, त्याला कसं कळलं आणि कधी लिहिलंय, हे तिन्ही विचारायची सवय दहाव्या वर्षीही लागते. फोनवर फिरत आलेल्या मजकुराला बहुधा यातलं एकही उत्तर देता येत नाही.

घरी ऐकलेलं एक वाक्य आणायला सांगितलं होतं. एकाने आजोबांचं आणलं: “आमच्या वेळी पाऊस वेळेवर यायचा.” कुठल्या ढिगात टाकायचं, यावर वर्गात भांडण जुंपलं. हवामान खात्याच्या नोंदी पुढच्या आठवड्यात उघडू. पण आधी ‘वेळेवर’ म्हणजे कोणत्या तारखेला, हे आजोबांना विचारून ये, असं मी त्याला सांगितलंय.