तळे का नासते?

कोल्हापूरच्या रंकाळ्यात मागे केंदाळ माजले होते. ते कशावर वाढले? नाल्यांतून आलेल्या सांडपाण्यावर. आपल्या गावच्या तळ्याचेही तसेच होते. न्हाणीचे पाणी, शेण, निर्माल्य तळ्यात गेले की ते केंदाळाचे खत होते. मग सगळे कुजू लागते. पाण्यातला प्राणवायू सरतो. मासे मरतात. पाणी घाण मारते.

उपाय आपल्या घरीच आहे. न्हाणीचे पाणी परसातल्या केळीला, अळवाला द्यावे. उरलेले शोषखड्ड्यात सोडावे. खड्डा विहिरीपासून दूर असावा. उकिरडा तळ्यापासून लांब न्यावा. कपडे तळ्यात धुवू नयेत. निर्माल्य खतखड्ड्यात टाकावे.

'एका घराने काय होणार?' असे लोक आम्हांला विचारतात. आम्ही सांगतो, तेवढी घाण तरी कमी होईल. आधी आपण करावे, मग शेजाऱ्याला सांगावे.