गोळीचा वेग एकसारखा राहतो तो कशाने?

यवतमाळ जिल्ह्यात कपाशी पिकते हे सगळ्यांना ठाऊक आहे. बंदुकीची आधुनिक दारूही त्याच कापसाच्या तंतूपासून बनते, हे मात्र फार थोड्यांना माहीत असतं. जिनिंगनंतर सरकीला चिकटून राहणारे आखूड तंतू, म्हणजे लिंटर, हा तिचा एक प्रमुख कच्चा माल. 1846 मध्ये रसायनशास्त्रज्ञ शोनबाइन यांनी आम्लप्रक्रियेने कापूस स्फोटक केला. 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएय यांनी त्याला बेताने जळायला लावलं आणि धूररहित दारू आली. आज विदर्भातच, भंडाऱ्याजवळ जवाहरनगरच्या कारखान्यात, तोफगोळ्यांची आणि काडतुसांची दारू तयार होते.

या दारूबद्दलचा सगळ्यात पक्का गैरसमज म्हणजे जास्त दारू, जास्त वेग, म्हणून नेम जास्त अचूक. नेमबाजाला हवा असतो एकसारखा वेग. समजा, सेकंदाला 800 मीटर वेगाने निघणाऱ्या दोन गोळ्यांच्या वेगात 10 मीटरचा फरक पडला. 100 मीटरवर त्या जेमतेम दोन मिलिमीटर खालीवर लागतील. 900 मीटरवर तोच फरक फूटभर किंवा त्याहून जास्त होतो. म्हणूनच परदेशात लांब पल्ल्याचे नेमबाज हातानं काडतुसं भरतात आणि प्रत्येक गोळीचा वेग यंत्रावर मोजतात.

‘दारू ती दारू, सगळी सारखीच’ हेही खरं नाही. दाण्याचा आकार, त्यातलं छिद्र आणि वरचा लेप यांवर ती किती झपाट्याने जळणार हे ठरतं. पिस्तुलाच्या आखूड नळीसाठी झटपट जळणारी दारू लागते. रायफलच्या काडतुसाच्या पुंगळीत ती भरली, तर गोळी पुढे सरकण्याआधीच दाब भडकतो आणि नळी फुटू शकते. उलट, गरजेपेक्षा सावकाश जळणारी दारू असेल तर बराचसा भाग अर्धवट जळतो आणि वेग दर बाराला बदलतो. पुंगळी अर्धी रिकामी राहिली तरी तेच होतं. दारू कधी ठिणगी देणाऱ्या टोपीजवळ साचते, कधी गोळीकडे सरकते आणि प्रत्येक वेळी वेगळी पेटते. पुंगळी जवळजवळ भरेल आणि दाब मर्यादेत राहील अशी दारू निवडणं, हा वेग सारखा ठेवण्याचा पहिला उपाय आहे.

आपल्याकडे उन्हाचा विचार तर करायलाच हवा. दारू तापली की जोरात जळते. साधारण दारूचा वेग दर अंशाला अंदाजे अर्धा मीटर वाढतो, असं धरू. यवतमाळात डिसेंबरच्या पहाटेचे 10 अंश आणि मे महिन्याच्या दुपारचे 45 अंश, यांत सेकंदाला साडेसतरा मीटरचा फरक झाला. थंडीत बसवलेला नेम उन्हाळ्यात वर जाणार, आणि आधीच कमाल मर्यादेवर भरलेलं काडतूस धोक्याचं ठरणार. तापमानाला फारशी दाद न देणाऱ्या दारूही मिळतात. कडक उन्हाच्या प्रदेशात त्या उपयोगी पडतात. पावसाळ्यात डबा उघडा राहिला तर दारू ओल धरते आणि मंदावते.

तीन-चार बार सारखे निघाले म्हणून दारू उत्तम, असा निष्कर्षही घाईचा. इतक्या थोड्या बारांत योगायोगाचा भाग मोठा असतो. शिवाय टोपी, पुंगळीची आतली जागा आणि गोळी किती घट्ट बसली आहे, यांवरही वेग अवलंबून असतो. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी 2024 मध्ये पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफलमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्या प्रकारातली .22 काडतुसं हातानं भरताच येत नाहीत. तिथले नेमबाज एकेका लॉटची, म्हणजे एकाच खेपेत बनलेल्या काडतुसांची, चाचणी घेऊन आपल्या नळीला जुळणारा लॉट निवडतात. शोध त्याच एकसारखेपणाचा.

शेवटचा गैरसमज जिवावर बेतणारा आहे. रानडुकरं आणि रोही पिकात शिरू नयेत म्हणून काही शेतकऱ्यांकडे परवान्याची ठासणीची बंदूक असते. तिच्यासाठी गंधक, कोळसा आणि सोऱ्याची काळी दारू असते. तेवढ्याच मापाने धूररहित दारू भरली, तर दाब कितीतरी पट वाढतो आणि नळी हातातच फुटते. परवान्याशिवाय काडतूस बनवणं 1959 च्या शस्त्र कायद्यानुसार गुन्हा आहे. त्यामुळे घरी प्रयोग करू नका आणि ठासणीच्या बंदुकीत काळ्या दारूशिवाय दुसरी कुठलीही दारू कधीही भरू नका.