उद्योगाला ऊब देणारे स्वयंपाकघर

महोत्सवाच्या स्मरणिकेत गतकाळातील कार्याचा आढावा घेण्याची प्रथा आहे, आणि ती योग्यच आहे. परंतु अशा प्रसंगी पुढील मार्गाचाही थोडा विचार व्हावा, असे आम्हांस वाटते. आपल्या समाजातील अनेक भगिनी चकल्या, लाडू, पुरणपोळ्या, मसाले व डबे करून संसारास हातभार लावतात. त्यांच्या हाताला चव आहे, अंगी कष्टाळूपणा आहे; तरीही बहुतेकींचा व्यवसाय ओळखीच्या चार घरांपलीकडे जात नाही. याचे कारण काय, व त्यावर उपाय कोणता, हे समजून घेण्यास अमेरिकेतील एका संस्थेचे उदाहरण फार उपयोगी आहे.

कॅलिफोर्नियातील सॅन फ्रान्सिस्को शहरात मिशन नावाची एक वस्ती आहे. मेक्सिको व मध्य अमेरिकेतून आलेली पुष्कळ कुटुंबे तेथे पूर्वीपासून राहतात. या वस्तीत २००५ साली ‘ला कोसीना’ ही सेवाभावी संस्था सुरू झाली. स्पॅनिश भाषेत या शब्दांचा अर्थ ‘स्वयंपाकघर’ एवढाच. अपुऱ्या दिवसांच्या बालकास रुग्णालयात काही काळ उबेच्या पेटीत ठेवतात. ते सशक्त झाले म्हणजे घरी पाठवितात. नवजात उद्योगासाठी हेच काम करणाऱ्या संस्थेस इंग्रजीत ‘इन्क्युबेटर’ म्हणतात. ला कोसीना हा खाद्यपदार्थांच्या उद्योगाचा इन्क्युबेटर होय. अल्प उत्पन्नाच्या, विशेषतः परदेशातून येऊन स्थायिक झालेल्या स्त्रियांसाठी तो चालविला जातो.

अशा संस्थेची गरज का भासली? घरात रांधलेले अन्न विकण्यास कॅलिफोर्नियात दीर्घकाळ मनाई होती. लवकर न नासणाऱ्या काही पदार्थांपुरती सवलत देणारा कायदा २०१२ साली झाला व पुढील वर्षापासून अमलात आला. गरम जेवणासंबंधीची मर्यादित सवलत २०१८ च्या कायद्याने आली. तीही स्थानिक प्रशासनाने मान्य केली तरच. म्हणजे विक्री करावयाची तर परवाना असलेले व्यापारी स्वयंपाकघर हवे. धूर ओढून घेणारी यंत्रणा, आग विझविण्याची सोय, शीतगृह, भांडी धुण्याचे वेगवेगळे हौद, सांडपाण्यातील चरबी अडविणारी टाकी, एवढे सारे उभारावयाचे म्हणजे मोठे भांडवल पाहिजे. ज्या बाईची रोजची मिळकतच तुटपुंजी, तिला बँक कर्ज देत नाही. आणि कर्जाविना स्वयंपाकघर नाही. मग ती चोरून विकते व दंडाच्या भीतीखाली राहते. हा फास सोडविण्यासाठी संस्थेने एकच सुसज्ज स्वयंपाकघर बांधले व ते तासांच्या हिशेबाने, बाजारभावापेक्षा कमी भाड्यात अनेकींस वापरावयास दिले.

तथापि नुसती चूल मिळाल्याने उद्योग उभा राहत नाही. संस्थेत प्रवेशासाठी अर्ज करावा लागतो व निवड होते. निवड झालेल्या भगिनीची पहिले सुमारे सहा महिने तयारी करून घेतात. या तयारीची अंगे चार : पदार्थ, विक्री, हिशेब आणि रोजचे कामकाज. त्यानंतर ती प्रत्यक्ष स्वयंपाकघर वापरू लागते, आणि व्यवसाय स्वतःच्या पायांवर उभा राहिला म्हणजे संस्थेचा निरोप घेते. हा निरोप महत्त्वाचा आहे. कारण तिने जागा सोडल्याखेरीज नवीन भगिनीस जागा मिळत नाही.

या चारांपैकी हिशेबाच्या अंगाकडे आपणांकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. एक उदाहरण घेऊ. आकडे केवळ समजण्यापुरते आहेत. एखादी भगिनी चकली ४०० रुपये किलोने विकते. पीठ, तेल, मसाला यांस २२० रुपये लागतात. १८० रुपये सुटले, असे ती म्हणते. परंतु गॅसचे २५, पिशवी व लेबलाचे २०, पोहोचविण्याचे १५ आणि जागेच्या वापराचे ३० रुपये धरले, तर हाती ९० रुपये उरतात. किलोभर चकलीस दीड तास लागत असेल, तर तिच्या श्रमाचे मोल तासाला अवघे ६० रुपये झाले. हा हिशेब मांडल्यावरच भाव वाढवावा, घाणा मोठा करावा, की पदार्थच बदलावा, हे ठरविता येते.

ला कोसीनातून पुढे आलेल्या स्त्रियांची उदाहरणे बोलकी आहेत. मेक्सिकोहून आलेल्या अलिसिया विल्यानुएवा घरोघर फिरून तमाल विकीत. तमाल म्हणजे मक्याच्या पिठात सारण भरून, कणसाच्या सालीत गुंडाळून वाफविलेला पदार्थ. हळदीच्या पानातील पातोळ्यांची आठवण व्हावी असा. पुढे त्यांनी हेवर्ड येथे तमालचा कारखाना काढला. नेपाळच्या बिनी प्रधान यांनी मोमोच्या बळावर व्यवसाय उभारला. कंबोडियन आईवडिलांच्या पोटी थायलंडच्या निर्वासित छावणीत जन्मलेल्या नाइट युन यांनी २०१८ साली ओकलंड येथे कंबोडियन पदार्थांचे उपाहारगृह उघडले. त्याच वर्षी मूळच्या गुजराती असलेल्या हीना पटेल यांनी सॅन फ्रान्सिस्कोत उपाहारगृह सुरू केले. बडोद्याच्या वाचकांस याचे विशेष कौतुक वाटेल. आपल्या घरचे जेवण हे परमुलखात भांडवल ठरू शकते, हे या सर्वजणींनी दाखवून दिले.

संस्थेस सर्वत्र यशच आले असे नाही. २०२१ साली तिने शहराच्या टेंडरलॉइन भागात, जुन्या टपाल कचेरीच्या इमारतीत, स्त्रियांच्या खाद्यगाळ्यांचा बाजार उघडला. परंतु कोविडच्या साथीनंतर आसपासच्या कचेऱ्यांतील वर्दळ पूर्ववत झाली नाही, आणि २०२३ मध्ये तो रोजच्या गिऱ्हाइकांसाठी बंद करावा लागला. पदार्थ उत्तम असले तरी गिऱ्हाईक दाराशी आले पाहिजे, हा धडा आपणही ध्यानी ठेवावा.

ही कल्पना आपणांस सर्वस्वी परकी नाही. मुंबईच्या गिरणगावात कोकण व घाटावरून आलेल्या कामगारांना जेवू घालणाऱ्या खानावळी स्त्रियाच चालवीत. त्यांची सावकाराच्या पाशातून सुटका व्हावी म्हणून गोवा मुक्तिसंग्रामातील कार्यकर्त्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापिले व त्यांस बँकेचे कर्ज मिळवून दिले. त्यापूर्वी, १९५९ साली, गिरगावात सात भगिनींनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला. तोच पुढे लिज्जत पापड म्हणून घरोघरी पोहोचला. अन्नपूर्णेने कर्जाची अडचण सोडविली, लिज्जतने कामाची व विक्रीची. ला कोसीनाने जागेची अडचण हाती घेतली आणि तिला शिक्षणाची जोड दिली.

आपल्या देशात घरगुती स्वयंपाकघराचीही नोंदणी होऊ शकते. अन्न सुरक्षा व मानके अधिनियम, २००६ अन्वये लहान विक्रेत्यासही ती करावी लागते, आणि बंद पाकिटावर तिचा क्रमांक छापावा लागतो. म्हणून आपली अडचण मनाईची नसून जागेची आहे. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, मुलांचा अभ्यास व वडीलधाऱ्यांचे आजारपण सांभाळून, पन्नास किलोंची मागणी पुरी करणे अशक्य असते. आलेली मागणी परत पाठवावी लागते, आणि एकदा परतलेले गिऱ्हाईक पुन्हा येतेच असे नाही.

उलट, आपल्या मंगल कार्यालयाचे स्वयंपाकघर मुहूर्त सोडले तर बहुतेक दिवस बंद असते. ते आठवड्यातून दोन दिवस, नाममात्र आकार घेऊन, अशा भगिनींस देता येईल काय, याचा विचार सभासदांनी करावा. त्यापूर्वी विश्वस्तपत्रातील तरतुदी व धर्मादाय आयुक्तांचे नियम तपासावे लागतील. वेळापत्रक, साफसफाईची जबाबदारी, साहित्यासाठी कुलपाची कपाटे, शाकाहार-मांसाहाराची व्यवस्था, हेही आरंभीच लिहून ठेवणे हितकर. कारण सामाईक चुलीवरचे तंटे बहुधा न घासलेल्या कढईवरूनच सुरू होतात. आपल्यातील निवृत्त हिशेबनीस व बँकेतील मंडळींनी महिन्यातून एक संध्याकाळ दिली, तर शिक्षणाचीही सोय होईल.

गरजूंस साहाय्य करणे हे आपल्या संस्थेचे ब्रीद आहे. वार्षिक मदत घेताना मान खाली घालणारी भगिनी तेच पैसे स्वकष्टाने मिळवू लागली, तर त्या ब्रीदाचे अधिक चांगले पालन होईल. येत्या साधारण सभेत हा विषय चर्चेस यावा, व ज्या भगिनींस अशा जागेची गरज आहे त्यांनी आपली नावे कार्यालयात नोंदवावीत, अशी आमची नम्र विनंती आहे.