निवडुंगाची रात्रपाळी

चाकणजवळचा भामचंद्राचा डोंगर पाहिलायस? तोच रे, जिथे तुकाराम महाराज ध्यानाला बसायचे! पायथ्याकडे कारखाने, वर खडक आणि काटेरी झुडपं. चैत्रातल्या एखाद्या रविवारी तिकडे चल. पण सकाळी लवकर हं! नंतर ऊन असं चटकतं की विचारू नकोस!

सगळीकडे वाळकं, पिवळं गवत. वाटतं, वाळवंटच की हे! वाळवंट नाहीये. पण पावसाळी ढग लोणावळ्याच्या घाटातच बरंचसं पाणी ओतून मोकळे होतात आणि इकडे येतो तो उरलासुरला पाऊस. तेवढ्यावर वर्ष काढायचं म्हणजे डोकं लढवायलाच हवं!

बांधावरचा फड्या निवडुंग बघ. सांग पाहू, त्याची पानं कुठली? ते जाडजूड हिरवे फड? चूक! ती तर खोडं! पानांचे झालेत काटे!

आणि खरी गंमत तर पुढेच आहे. अन्न बनवायला झाडांना हवेतला कार्बन डायऑक्साइड लागतो. तो आत घ्यायला अंगावरची बारीक भोकं उघडावी लागतात. पण भर उन्हात भोकं उघडली तर आतलं पाणी उडून नाही का जाणार?

मग निवडुंग काय करतो, माहितीये? रात्रपाळी! रात्री गारव्याला गेट उघडायचं. कच्चा माल आत घ्यायचा. त्याचं आम्ल करून साठवायचं. दिवस उजाडला की गेट बंद! मग आतल्या आत, उजेडाच्या जोरावर अन्न तयार! म्हणून तर हा पठ्ठ्या पहाटे चांगलाच आंबट असतो आणि संध्याकाळपर्यंत त्याचा आंबटपणा उतरतो! चाखून मात्र बघू नकोस. फडांवर केसांसारखे बारीक काटेही असतात. एकदा रुतले की निघता निघत नाहीत.

टिटीव! टिटीव!

ही कोण किंचाळली? टिटवी! पिवळे लांब पाय, डोळ्यांपुढे लालचुटुक कातडी. एवढा आरडाओरडा म्हणजे अंडी जवळपासच असणार. झाडावर शोधू नकोस. ती असतात जमिनीवर, उघड्यावर! नुसता खळगा, कडेला चार खडे आणि मध्ये काळपट ठिपक्यांची तीन-चार मातकट अंडी. पायाशी असली तरी दगडच वाटतात!

पण दुपारी जमीन तापली की अंडी शिजणार नाहीत का? म्हणून टिटवी जाते डबक्यावर, पोटाची पिसं चिंब भिजवते आणि तशीच येऊन अंड्यांवर बसते! आजी माठाला ओलं फडकं गुंडाळते ना, अगदी तस्संच! पाणी वाळता वाळता उष्णता घेऊन जातं आणि अंडी गार राहतात. यात बाबा टिटवाही पाळी लावतो बरं का!

पिल्लंही भारी चलाख! अंड्यातून बाहेर आली की थोड्याच वेळात तुरुतुरु पळतात. आईनं इशारा दिला की जागच्या जागी चिकटून बसतात. तेव्हा टिटवी ओरडली की आधी पायाखाली बघ आणि आलास तस्साच मागे फीर!