प्रवेशअर्ज, दाखला आणि पसंतीक्रम

अभियांत्रिकीचा प्रवेशअर्ज हा या पृष्ठांचा विषय आहे काय, असे कोणी विचारील. ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्याच्या दृष्टीने अर्जाचा कागद ही विचाराचीच बाब आहे, असे माझे उत्तर आहे. मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात शिकवतो आणि दर उन्हाळ्यात वस्तीतल्या मुलांचे अर्ज भरून देतो. आपली मुले केवळ गुणांत मागे पडतात असे नाही. पुष्कळदा ती कागदात आणि माहितीत अडवली जातात, असे माझे मत झाले आहे.

लातूरचे नाव आज परीक्षेशी जोडले गेले आहे. 1970 साली येथे राजर्षी शाहू महाविद्यालय निघाले. डॉ. जनार्दन वाघमारे आणि त्यांच्यानंतर अनिरुद्ध जाधव या प्राचार्यांच्या काळात जी शिकवण्याची रीत रुजली, ती पुढे ‘लातूर पॅटर्न’ म्हणून प्रसिद्ध झाली. डॉ. वाघमारे हे अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक म्हणून आपल्या वाचकांना परिचित आहेत. जादा तास, पुन्हा पुन्हा चाचण्या आणि उत्तरपत्रिकेतील चुकांची चिकित्सा, एवढेच या पॅटर्नचे रहस्य. गुण हे जन्माचे देणे नसून सरावाचे फळ आहे, हे त्याने सिद्ध केले. गुणवत्तेच्या नावाने राखीव जागांना विरोध करणाऱ्यांना याहून चांगले उत्तर कोणते? परंतु तोच सराव आज ट्यूशन एरियात विकत मिळतो, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बापाला त्याची किंमत परवडत नाही.

अमेरिकेत महाविद्यालयाच्या अर्जासोबत विद्यार्थ्याला निबंध लिहावा लागतो, शिक्षकांची शिफारसपत्रे जोडावी लागतात. तेथील सर्वोच्च न्यायालयाने 2023 साली प्रवेशात वंश विचारात घेण्याची पद्धत मोडीत काढली. तरीही वंशामुळे आपल्या आयुष्यावर काय परिणाम झाला हे अर्जदाराने निबंधात सांगण्यास मोकळीक ठेवली. आपल्याकडील अर्जात कहाणीला रकाना नाही. येथे परीक्षेतील पर्सेंटाइल, दाखले आणि पसंतीक्रम या तीनच गोष्टी बोलतात. म्हणून भक्कम अर्ज म्हणजे या तिन्हींची वेळेवर केलेली तयारी.

प्रथम परीक्षा. राज्यातील महाविद्यालयांसाठी एमएचटी-सीईटी, आणि आयआयटीसाठी आधी जेईई मेन व नंतर ॲडव्हान्स्ड. सीईटीचे गुण 200. त्यांत एकट्या गणिताचे 100. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडू नये. जेईईत मात्र गुण कापले जातात. तेथे हा नियम लावला तर नुकसान होते. बारावीकडे दुर्लक्ष करू नये. आयआयटीसाठी अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला बारावीत 65 टक्के लागतात, किंवा तो आपल्या मंडळाच्या त्या प्रवर्गातील वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असावा लागतो.

दुसरी गोष्ट दाखल्यांची. आणि खरी अडचण इथे आहे. राज्यातील प्रवेशात अनुसूचित जातींना 13 टक्के जागा आहेत, आयआयटीत 15 टक्के. राज्यातील जागेसाठी उपविभागीय अधिकाऱ्याचे जात प्रमाणपत्र पुरत नाही; जिल्हा पडताळणी समितीचे वैधता प्रमाणपत्रही लागते. आयआयटीसाठी केंद्राच्या नमुन्यातील जातीचा दाखला वेगळा काढावा लागतो. समिती जुना पुरावा मागते; 10 ऑगस्ट 1950 रोजी किंवा त्यापूर्वी कुटुंब महाराष्ट्राच्या प्रदेशात राहत होते, हे दाखवावे लागते.

आता विचार करा. 1948 सालच्या सप्टेंबरपर्यंत मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. आपल्या आजोबांना शाळेची पायरी चढू दिली गेली नाही, आणि नातवाला विचारले जाते की आजोबांचा शाळेचा निर्गम उतारा कुठे आहे! दुसरी विसंगती याहून विलक्षण आहे. 1956 च्या धर्मांतरानंतर अनेक पालकांनी शाळेच्या रजिस्टरात जातीच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहिले. तो स्वाभिमानाचा उच्चार होता. कुठे गुरुजींनी आपल्याच मनाने ‘हरिजन’ लिहून टाकले. आज त्या नोंदीसमोर लिपिक बोट ठेवतो आणि जी जात बापाने त्यागली तिचाच पुरावा मुलाकडून मागतो. बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्राने 1990 साली दिल्या. परंतु दाखल्यासाठी मूळ जात सिद्ध करावीच लागते. या विसंगतीवर लढा द्यायलाच हवा. पण लढा चालू असताना मुलाची जागा जाऊ देता कामा नये.

उपाय आहे. अकरावीला प्रवेश मिळताच महाविद्यालयाचे शिफारसपत्र घेऊन वैधतेचा अर्ज करावा. बारावीच्या निकालाची वाट पाहू नये. वडील, सख्खे काका किंवा आत्या यांपैकी कोणाकडे वैधता असेल तर तो मोठा पुरावा ठरतो. नसेल तर आजोबा-पणजोबांच्या नोंदी शोधाव्यात: गावच्या शाळेचे प्रवेश रजिस्टर, जन्म-मृत्यूची नोंद असलेले कोतवाल बुक, खासरापत्रक, इनाम जमिनीचे कागद. निजामकाळातील उर्दू किंवा मोडीतील नोंद असेल तर तिचे भाषांतर करून घ्यावे. नावात ‘लिंबा’ आणि ‘लिंबाजी’ एवढा फरक असला तरी तो आधीच शपथपत्राने खुलासा करून ठेवावा. भटक्या-विमुक्त व इतर मागासवर्गीय मित्रांना याशिवाय उन्नत गटात नसल्याचे प्रमाणपत्रही लागते.

तिसरी गोष्ट पसंतीक्रम. 2025 पासून राज्यात प्रवेशाच्या चार फेऱ्या झाल्या. पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली की ती स्वीकारावीच लागते. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिन्हींना आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांना हाच नियम. म्हणून ‘मिळेल ते वर लिहू’ ही भीतीची रीत घातक आहे. पुण्याचे सीओईपी, मुंबईचे व्हीजेटीआय, नांदेडचे श्री गुरू गोबिंदसिंहजी यांपैकी जे खरोखर हवे ते वर, आणि हमखास मिळणारे खाली. वर लिहिल्याने खालचे जात नाही. राखीव प्रवर्ग नोंदवल्याने खुल्या जागेवरचा हक्कही जात नाही. गुण असतील तर ती जागा आधी मिळते.

शेवटी पैसा. केंद्रीय फेरीतून मिळालेल्या जागेवरच शिष्यवृत्ती मिळते, व्यवस्थापन कोट्यातील जागेवर नाही. पालकांचे उत्पन्न अडीच लाखांच्या आत असेल तर भारत सरकारची शिष्यवृत्ती, त्यावर असेल तर शिक्षण शुल्क माफी. शासकीय वसतिगृहात जागा नसेल तर स्वाधार योजना. उत्तर प्रदेशातील मजुराचा मुलगा अतुल कुमार याला 2024 साली धनबाद आयआयटीत जागा मिळाली. 17,500 रुपये मुदतीत भरता आले नाहीत आणि जागा गेली. 30 सप्टेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. प्रत्येक मुलाला दिल्ली गाठता येत नाही. मुदतीच्या आठ दिवस आधी पैसा हाताशी हवा.

हे एकट्या विद्यार्थ्याचे काम नव्हे. प्रत्येक जयंती मंडळाने मिरवणुकीच्या खर्चातून थोडी रक्कम बाजूला काढून प्रवेशशुल्कासाठी फिरता निधी उभारावा. वस्तीतल्या दोन शिकलेल्या तरुणांनी अकरावीच्या प्रत्येक मुलामुलीची फाईल तयार करून घ्यावी. ज्या घरात आज पहिली वैधता निघेल, त्या घरातील पुढच्या पिढीला पुरावा शोधत गावोगाव हिंडावे लागणार नाही.