मोजक्या पैशांत सच्चा आवाज : घरासाठी स्पीकर निवडताना

नोकरीधंद्याला लागलेले आपल्या शाळेचे माजी विद्यार्थी भेटायला येतात, तेव्हा वसतिगृहाच्या आठवणींबरोबर संसाराच्या गोष्टीही निघतात. घरी गाणी नीट ऐकता यावीत अशी इच्छा आहे, पैसे मात्र बेताचेच आहेत. तर स्पीकर कोणते घ्यावेत, असा प्रश्न अलीकडे अनेकांनी विचारला. मी इतिहासाचा शिक्षक, ध्वनिशास्त्राचा अधिकारी नव्हे. परंतु या खरेदीत मी एकदा चांगलाच फसलो आहे. तो अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा, एवढाच या लेखाचा हेतू.

माझ्या आईच्या जात्यावरच्या ओव्या एका कॅसेटवर ध्वनिमुद्रित होत्या. ती गेल्यानंतर मी त्या संगणकावर उतरवून घेतल्या आणि ‘५००० वॅट पीएमपीओ’ असे ठळक छापलेला एक भव्य संच घरी आणला. भिंती हादरल्या, पण आईचे शब्द काही कळेनात. पुढे उमगले, की पीएमपीओ ही निव्वळ जाहिरातीची भाषा आहे. तो आकडा काढण्याची सर्वमान्य पद्धतच नाही. सातत्याने मिळणारी शक्ती ‘आरएमएस’ वॅटमध्ये सांगतात. साधारण खोलीला दर बाजूस २० ते ५० आरएमएस वॅट पुरेसे होतात.

लहान घरासाठी उत्तम पर्याय म्हणजे बुकशेल्फ स्पीकरची जोडी. एकेकाळी खर्जाचा स्वर हवा असेल, तर कपाटाएवढी पेटी लागे. १९५४ साली अमेरिकेत एडगर व्हिलचर यांनी हवाबंद पेटीतील हवेचाच स्प्रिंगसारखा उपयोग करून लहान पेटीतून खोल खर्ज काढून दाखवला. हे गृहस्थ मूळचे कलेच्या इतिहासाचे पदव्युत्तर पदवीधर होते, हे सांगताना मला विशेष आनंद होतो! तंतुवाद्ये, सतार, व्यंजने यांची धार स्पष्ट करणारा घुमटाकार ट्वीटरही त्यांच्याच कंपनीने १९५८ च्या ‘एआर-३’ या स्पीकरमध्ये आणला.

आता निवडीच्या कसोट्या पाहू.

पहिली गोष्ट, वूफरचा आकार. ५ ते साडेसहा इंचांचा वूफर १० बाय १२ फुटांच्या खोलीला पुरतो. डग्ग्याची घुमक त्यातून समाधानकारक येते; सिनेमातील स्फोटांचा गडगडाट मात्र त्याच्याकडून अपेक्षू नये.

दुसरी, संवेदनक्षमता. ती डेसिबलमध्ये दिलेली असते. ३ डेसिबलचा फरक म्हणजे तेवढ्याच आवाजासाठी दुप्पट किंवा निम्मी शक्ती. म्हणजेच ८२ डेसिबलच्या स्पीकरला जिथे ४० वॅट लागतील, तिथे ८८ डेसिबलचा स्पीकर १० वॅटांत भागवील. अ‍ॅम्प्लिफायर लहान असेल, तर हा आकडा अवश्य पाहावा. तसेच रोध ८ किंवा ६ ओम असलेला बरा. ४ ओमचा स्पीकर साध्या अ‍ॅम्प्लिफायरवर अधिक भार टाकतो.

तिसरी, अ‍ॅम्प्लिफायर. घरी तो नसेल, तर ज्यांच्या पेटीतच अ‍ॅम्प्लिफायर बसवलेला असतो असे ‘अ‍ॅक्टिव्ह’ स्पीकर घेतल्यास खर्च आणि वायरींचा गुंता दोन्ही वाचतात.

किंमत हीच गुणवत्ता, असे समजू नये. अत्यंत महागडे स्पीकर घडवणारे अँड्र्यू जोन्स यांनीच २०१२ साली पायोनियरसाठी दीडशे डॉलरांच्या आसपास किमतीची बुकशेल्फ जोडी तयार केली आणि ती जाणकारांनीही वाखाणली. फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांच्या प्रयोगांतून तर असे दिसले, की समोरचा स्पीकर कोणता हे दिसत असताना श्रोत्यांनी दिलेला कौल, तो पडद्याआड गेल्यावर बदलतो. आपले डोळे आपल्या कानांना फसवतात. म्हणून दुकानात दोन जोड्यांची तुलना करताना दोन्हींचा आवाज समान पातळीवर ठेवण्याचा आग्रह धरावा. जरा मोठा वाजणारा स्पीकर उगाचच सरस भासतो.

स्पीकर घरी आल्यावर निम्मे काम बाकी असते. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण व्हावा, ट्वीटर बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर यावा. भिंतीपासून फूटभर अंतर राखावे. कोपऱ्यात ठेवल्यास खर्ज फुगतो आणि शब्द बुडतात. लाल-काळ्या टोकांची जोडणी दोन्ही बाजूंना सारखीच करावी. एका बाजूस ती उलटी झाली, तर खर्ज क्षीण होतो आणि गायकाचा आवाज मध्यभागी ठरत नाही. वायर तांब्याची साधी चालते. तिच्यावर हजारो रुपये उधळू नयेत. सतरंजी, पडदे आणि पुस्तकांचे कपाट खोलीतला घुमारा आपोआप कमी करतात.

पुढे मी तो भव्य संच देऊन टाकला आणि त्याहून कमी किमतीची लहान जोडी घेतली. दुकानात जाताना आईच्या ओव्या सोबत नेल्या होत्या. तीन जोड्यांवर त्या ऐकल्या. तिसऱ्या जोडीवर जात्याची घरघर वेगळी आणि आईचा शब्द वेगळा ऐकू आला. दोन ओव्यांच्या मधे तिने घेतलेला श्वासही. दर विचारण्यापूर्वीच माझा निर्णय झाला होता. आपणही खरेदीला निघताना आपल्या ओळखीचा, आपल्या मायेचा एखादा आवाज बरोबर न्यावा. तो कसा ऐकू यायला हवा, हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते.