उंची आणि वेग : विमानाच्या ऊर्जेचा हिशेब

१६ एप्रिल २०२५ रोजी मुंबईहून आलेले एटीआर-७२ विमान अमरावतीच्या बेलोरा विमानतळावर उतरले आणि अमरावतीची नियमित प्रवासी विमानसेवा सुरू झाली. बेलोऱ्याची धावपट्टी १८५० मीटर लांबीची आहे. तेवढ्यात विमान थांबवायचे, तर वैमानिकाने ऊर्जेचा हिशेब चोख ठेवला पाहिजे. तो हिशेब आम्ही येथे मांडीत आहोत.

विमानाजवळ उंचीची स्थितिज आणि वेगाची गतिज अशी दुहेरी ऊर्जा असते. इंजिन तीत भर घालते. हवेचा रोध ती खर्च करतो. विमानाचे नाक वर-खाली केल्याने नवी ऊर्जा मिळत नाही. केवळ रूपांतर होते. जोर व रोध समसमान असता, वेग सेकंदाला ६० मीटरवरून ५० वर आणल्यास सुमारे ५६ मीटर उंची मिळते.

म्हणून विमान उंच पण मंद असेल, तर नाक खाली करून वेग मिळवावा. खालीही आणि मंदही असेल, तर नुसते नाक उचलणे घातक : उरलेला वेग जातो, पंखांचा आधार सुटतो. तेथे आधी इंजिनाचा जोर हवा. उंची व वेग दोन्ही अधिक असतील, तर जोर घटवून रोध वाढवावा. तरीही न जमल्यास उतरणे सोडून पुन्हा फेरी घ्यावी. कारण वेग १० टक्के वाढला, तर जिरवायची गतिज ऊर्जा २१ टक्के वाढते.

ज्या मुलामुलींना आकाश खुणावते, त्यांनी ध्यानी घ्यावे : या विद्येचा आरंभ नववीच्या ‘कार्य आणि ऊर्जा’ या पाठातच आहे.